सेन्सरसाठी पिग्मी मोडायची का?

खानापूर तालुक्यातनं एका वाचकाने लिहिलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, कामाला आहेत, रोजचं येणं-जाणं गाडीनं, २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. दोन महिने झाले डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलाय आणि मायलेज १७वरनं १४वर आलंय. गॅरेजवाल्यानं मशीन लावलं, चिठ्ठीवर दोन कोड लिहून दिले, पी ०१३१ आणि पी ०१७१, आणि त्याच चिठ्ठीखाली एस्टिमेट: पुढचा-मागचा दोन्ही ऑक्सिजन सेन्सर ११ हजार, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) २४ हजार, मजुरी अडीच हजार, एकूण ३७,५००. सौहार्द सहकारी पतसंस्थेत दिवसाला १५० रुपयांची पिग्मी, म्हणजे रोज भरायची ठेव, चालू आहे, दहा महिन्यांत ४५ हजार जमलेत, ते पोरीच्या डिप्लोमाच्या फीसाठी. आता पिग्मी मोडू की बायकोच्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढू, असा प्रश्न आहे, आणि गणपतीला पाहुणे यायच्या आत गाडी ठीक पाहिजे.

दादा, तुम्ही विचारलंय पैसे कुठनं काढू, पण मला विचाराल तर अजून काढायचेच नाहीत. आधी ती चिठ्ठी नीट वाचूया, कारण ३७,५०० मधले निम्म्याहून जास्त पैसे गाडीचं बॉनेट न उघडताच वाचतात.

मी मेकॅनिक नव्हे, लोकांच्या पैशाचे हिशेब बघणारा माणूस आहे, पण जुन्या गाड्या वापरून आणि एकदा चांगलाच फटका खाऊन जेवढं कळलंय तेवढं सांगतो. कोड हे मनाला येईल तसे नसतात, प्रत्येकाला ठरलेला अर्थ असतो. पी ०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचं, इंजिन आणि कन्व्हर्टरच्या मधल्या सेन्सरचं, व्होल्टेज कमी येतंय. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. झालं, एवढंच. मागच्या सेन्सरची तक्रार असती तर पी ०१३६ पासून ०१४१ पर्यंतचा एखादा कोड आला असता. कन्व्हर्टरची कार्यक्षमता पडली असती तर पी ०४२०. तुमच्या चिठ्ठीत यातलं काहीच नाही. मग मागचा सेन्सर साडेपाच हजार आणि कन्व्हर्टर २४ हजार कशासाठी? गॅरेजवाला फसवतोय असं मी म्हणत नाही, कदाचित "एकदाच सगळं करून टाकू, परत कटकट नको" असा त्याचा चांगला हेतूही असेल, पण त्याच्या निर्धास्तपणाचे पैसे तुमच्या पोरीच्या फीमधनं का जावेत. कन्व्हर्टर महाग असतो कारण त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असले धातू असतात, अंदाजानं बदलायची ती वस्तूच नव्हे.

आता राहिला पुढचा सेन्सर. साडेपाच हजार आणि मजुरी. तो तरी बदलायचा का, तर इथंच खरी मेख आहे. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं होत नाही, सेन्सर जे बघतोय ते चुकीचं आहे एवढंच कळतं, आणि कधी कधी सेन्सर अगदी खरं सांगत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, या सेन्सरच्या नशिबी ते नेहमीचं आहे. हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो, आणि जुन्या गाड्यांत असतो त्या साध्या प्रकारात त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखं वर-खाली होत राहतं. ०.४५च्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे हवा जास्त. तुमचा खालीच अडकलाय. तो स्वतः मेलाय म्हणून असेल, वायर तुटली किंवा बॉडीला टेकली म्हणून असेल, नाहीतर त्याच्यापर्यंत खरंच बाहेरची हवा पोचतेय म्हणून असेल.

आणि तुमच्या पत्रात शेवटी शेवटी तुम्ही दोन गोष्टी अशाच जाता जाता लिहिल्यात, मला त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. एक, सायलेन्सरचं तोंड काळं झालंय आणि पेट्रोलचा वास येतो. दोन, सकाळी गाडी चालू केल्यावर पुढनं "टिक टिक टिक" असा आवाज येतो आणि लोंढा रोडला लागेपर्यंत बंद होतो. बघा हां, कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय, आणि सायलेन्सर काळा, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. दोन्ही एकदम खरं कसं असेल? असं होतं जेव्हा इंजिन आणि सेन्सरच्या मध्ये, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटला, म्हणजे जोडातल्या पट्टीला, किंवा पाइपला बारीक गळती असते. धूर धक्क्याधक्क्यानं येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये दाब कमी झाला की त्या फटीतनं बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी पेट्रोल ओततो, आणि मायलेज गेलं. गार असताना फट उघडी, लोखंड तापून फुगलं की आवाज बंद. हे तुमच्याच गाडीत आहे असं मी इथनं छातीठोक सांगू शकत नाही, गेलेला सेन्सर किंवा बॉडीला टेकलेली वायरही कॉम्प्युटरला असाच चकवा देऊ शकते, पण गॅस्केटचा खर्च आणि सेन्सरचा खर्च यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गळती तशीच ठेवून नवा सेन्सर लावलात तर महिन्याभरात तोच दिवा, तोच कोड. लावलेला इलेक्ट्रिकल पार्ट कुठला दुकानदार परत घेत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

माझा फटका सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीला असाच सेन्सरचा कोड आला, मी एका गॅरेजात डोळे झाकून नवा सेन्सर घालून घेतला, चार दिवसांनी दिवा परत हजर. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं गाडीखाली हात घालून वायर बाहेर ओढली तर उंदरानं कुरतडलेली. माझी गाडी तरी शहापुरात गल्लीत उभी असते. तुमची वैरणीच्या गंजीशेजारी उभी राहते आणि वर खानापूरचा पाऊस, म्हणजे वायर आणि कनेक्टर बघितल्याशिवाय पुढं जायचंच नाही, कनेक्टरमध्ये पाणी आणि हिरवा गंज असला तरी व्होल्टेज गंडतं.

म्हणून माझा सल्ला एवढाच की आधी पार्ट विकत घेऊ नका, रोगाचं निदान विकत घ्या. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सरळ सांगा, "तपासणीचे वेगळे पैसे देतो, पार्ट नंतर बघू." पाचशे म्हणू दे, हजार म्हणू दे, द्या. आपल्याकडं तपासणी फुकट आणि पार्टात कमाई अशी सवय लागलीय, आणि मग ज्याची कमाई पार्टात त्याला पार्टच खराब दिसणार, त्यात त्याचा तरी काय दोष. काय तपासायचं ते सांगून ठेवतो म्हणजे तुम्हाला समोर उभं राहून कळेल. गार इंजिन चालू करून लगेच मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का बघायचं. मग वायर, कनेक्टर. मग इंजिन पूर्ण तापवून स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचं लाइव्ह व्होल्टेज बघायचं, कारण हा सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की व्होल्टेज ०.८-०.९ला उडी मारायला पाहिजे आणि सोडला की खाली पडायला पाहिजे. झटपट असं नाचला तर सेन्सर जिवंत आहे, गळती शोधा. वायर चांगली असून ढिम्म हलत नसेल तर मग बदला, पुढचा एकच. बाजूला फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो, तोही विचारा, तो प्लसमध्ये वीस टक्क्यांच्या पुढं असेल तर कॉम्प्युटर किती पेट्रोल जास्त ओततोय ते तिथंच दिसतं.

मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा छोटा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनच्या सॉकेटात बसतो. सीएनसी चालवणाऱ्या माणसाला तो वाचायला दोन दिवस लागतील. गल्लीतल्या चार गाड्या बघून दिल्यात तर चहाचे पैसे सुटतील, ते वेगळं.

कोणी तुम्हाला म्हणेल की हे सगळं इथेनॉलनं झालंय, वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं आणि जुन्या गाड्यांची वाट लागली. आपल्या जिल्ह्यात ऊसही आपलाच आणि इथेनॉलही आपल्याच कारखान्यांचं, त्यामुळं हा विषय चहाच्या टपरीवर रोज असतोच. थोडं तथ्य आहे. साध्या पेट्रोलला वजनानं एका भागाला १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९, शिवाय त्याच्यात ताकद साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून कॉम्प्युटर थोडं जास्त पेट्रोल सोडतो आणि मायलेज थोडं पडतं. पण १७चे १४ म्हणजे जवळपास १८ टक्के घट झाली की ओ, तेवढी इथेनॉलनं पडत नाही. दुरुस्तीनंतर १७ऐवजी १६ मिळाले तर मात्र मेकॅनिकशी भांडू नका.

आता पैशाचं. खानापूर ते उद्यमबाग जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरले, महिन्याला २५ दिवस, १,२५० किलोमीटर. १७नं साडेत्र्याहत्तर लिटर लागलं असतं, १४नं एकोणनव्वद लागतंय. पंधरा-सोळा लिटरचा फरक, लिटर शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला सोळाशे रुपये धुरात जातायत. दोन महिने गेलेच. म्हणून थांबा असंही मी म्हणत नाही, शिवाय असं जास्त पेट्रोल जळत राहिलं तर आज चांगला असलेला कन्व्हर्टर खरोखरच जायचा, मग ते २४ हजार खरे होतील. आणि दिवा पिवळा स्थिर आहे तोवर ठीक, लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, गाडी तिथंच बाजूला घ्या.

पण पिग्मी मोडायची नाही. वर्षाच्या आत मोडली की बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर काही कापूनही घेतात, तुमच्या पासबुकाच्या मागं नियम छापलेला असेल तो वाचा. दहा महिने झालेत, दोनच राहिलेत. पाटल्यांना तर हातच लावू नका, साताठ हजारांच्या कामासाठी सोनं ठेवायला गेलं की माणूस "काढतोच आहे तर जरा जास्त काढू" म्हणतो, हे मी शंभरदा बघितलंय. तपासणीचे हजार पगारातनं. गॅस्केट निघालं तर तेही पगारातनं भागेल. सेन्सरच निघाला तर सहा-साडेसहा हजार, तेवढ्यासाठी पिग्मीवर छोटं कर्ज मिळतं का विचारा, बऱ्याच सोसायट्या देतात, आणि वाचलेले सोळाशे दर महिन्याला तिकडंच भरा, चार-पाच महिन्यांत फिटतं.

एक वेगळंच सांगायचं राहिलं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सौहार्द किंवा क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. तुमची संस्था वाईट आहे असं नाही, पण वर्ष पूर्ण झालं की फीचे पैसे उचलून बँकेत एफडीला टाका.

आणि तपासणीला सोमवारी जाणार असाल तर गाडी रविवारी संध्याकाळीच उद्यमबागेत नेऊन इलेक्ट्रिशियनच्या दारात लावा, येताना बसनं या. सकाळी खानापूरहून चालवत नेलीत तर पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असणार, टिक टिक बंद, आणि तो म्हणणार, "कुठं काय आवाज आहे?"