एकजूट कशी उभी राहते?

प्रश्न : आमच्या रत्नागिरी तालुक्यात मच्छीमार, कुळे आणि काजू कारखान्यांतील स्त्रियांच्या डाव्या संघटना वेगवेगळ्या लढतात. त्या एकत्र कशा येतील?

उत्तर : अलिबागजवळच्या चरी गावाचा संप आठवावा. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे तेथील कुळांनी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, उपासमार सोसूनही खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, शेते कसली नाहीत. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ही खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळावर निघालेल्या शेतकरी मोर्चात, तात्त्विक मतभेद कायम असूनही, कम्युनिस्ट त्यांच्याबरोबर चालले. हे मला फार मोलाचे वाटते. तेव्हा आधी एकच ठोस मागणी ठरवा, आणि स्त्रियांना केवळ मोर्चात नव्हे, निर्णयाच्या बैठकीतही बरोबरीने बसवा.