प्रार्थना करूनही मन खचतं, देवावरचा भरवसा डळमळतो. बायबल वाचून बळ कसं मिळवायचं?

आधी एक सांगतो, भरवसा डळमळला म्हणून स्वतःला अपराधी समजू नका. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला मदत कर. येशू त्याला झिडकारत नाही, मुलाला बरं करतो.

सुरुवात बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र 13 पासून करा. 'किती काळ मला विसरणार?' अशी सरळ तक्रार आहे त्यात! शेवटी मात्र तोच माणूस देवाच्या दयेवर विसंबून गातो. रोज सकाळी मोठ्याने वाचा, दोन मिनिटंही लागत नाहीत.

मग बायबलमधलंच '1 राजे' हे पुस्तक, अध्याय 19. एलीया हा संदेष्टा इतका थकलेला की झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा खाल्ल्यावर मात्र 40 दिवस होरेब डोंगरापर्यंत चालतो. (आपण बहुतेकदा झोपेचा भाग गाळूनच वाचतो.)

वर्षभरात अख्खं बायबल संपवायचा हट्ट सध्या नको. एक उतारा आठवडाभर पुरवा, अडेल ते वहीत लिहा आणि प्रार्थनेत तेच विचारा.