२०० वॅटचा अ‍ॅम्प घेण्याआधी अडॅप्टर उलटा करून पाहा

तुमचे बुकशेल्फ स्पीकर ८४ डेसिबल संवेदनशीलतेचे (ठराविक व्होल्टला किती आवाज देतात त्याचं माप), ६ ओहम रोधाचे. छोट्या अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) '१०० + १०० वॅट' छापलंय, तरी आवाज वाढवला की तबल्याची थाप कर्कश लागते, म्हणून २०० वॅटचा घेऊ का, असं विचारलंय तुम्ही.

तुमच्या अडॅप्टरवर १९ व्होल्ट, ४.७ अँपिअर लिहिलंय. गुणाकार ८९ वॅट, तोही डावं-उजवं अशी दोन्ही चॅनेल मिळून. मग छापलेले १०० + १०० वॅट सलग येणार कुठून? १९ व्होल्टवर ६ ओहमला एका चॅनेलमागे स्वच्छ असे २५ ते ३० वॅटच मिळतात.

आता लागतात किती ते बघू. ८४ डेसिबल हा २.८३ व्होल्टला, एक मीटरवरचा आकडा. ६ ओहमला ते सव्वा वॅटच्या जरा वर. तुम्ही आठ फुटांवर बसता. दोन स्पीकर आणि भिंतींची साथ धरून तेवढ्याच वॅटवर तिथे साधारण ८० डेसिबल पोचतात. सरासरी ७५ वर ऐकत असाल, तर तबल्याची थाप सहज ९५ ला जाते. म्हणजे १५ डेसिबल वर. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट, तेही पाच वेळा: जवळपास ४३ वॅट! तुमचा अ‍ॅम्प तिथे पोचतच नाही, लाटेचा माथा कापला जातो, आणि तोच कर्कशपणा तुम्हाला ऐकू येतो.

माथा असा कापला गेला की ट्वीटरची, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, बारीक कॉइल तापते. माझ्या पहिल्या जोडीचा ट्वीटर असाच गेला. घरात बैठक होती, छोटा अ‍ॅम्प रात्रभर ताणला. दुसऱ्या दिवशी तानपुऱ्याची जवारी डावीकडून येईचना. त्यामुळे 'मोठा अ‍ॅम्प स्पीकर जाळतो' ही भीती मनातून काढा. हात आवरता ठेवला तर जास्त ताकदीचा अ‍ॅम्पच सुरक्षित.

२०० ची गरज नाही. ८ ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ५०-६० वॅट देणारा घ्या. ४ ओहमचा आकडाही दिलेला हवा आणि तो ठळकपणे जास्त हवा, कारण ६ ओहमचे स्पीकर काही सुरांवर ४ च्या आसपास उतरतात. नुसतं 'कमाल' किंवा '१० टक्के डिस्टॉर्शनला' (म्हणजे आवाज बिघडलेला असताना) असं लिहिलं असेल तर तो आकडा धरूच नका.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचे स्पीकर आणि तेच तबल्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा. तोपर्यंत खुर्ची साडेपाच फुटांवर ओढा; दोनेक डेसिबल फुकट मिळतील.