आपल्याच देशात एवढी गरिबी असताना भारत सरकार पॅलेस्टाईनला दरवर्षी कोट्यवधी रुपये का देतं? ते पैसे गरजूंपर्यंत पोहोचतात तरी का?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मी चोवीस वर्षांपूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकला आहे, म्हणून लिहायला बसले.

1999 ते 2003 आमच्या पुण्यातल्या घराच्या वरच्या खोलीत गाझाचा एक मुलगा भाड्याने राहत होता. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. करायला आलेला. खान युनिसच्या निर्वासित छावणीत वाढलेला, युनोच्या शाळेत शिकलेला. जेवण आमच्याकडेच असायचं. ज्वारीची भाकरी त्याला पहिल्याच आठवड्यात आवडली. त्याच्या आईने बांधून दिलेला झातर, म्हणजे सुक्या पाल्याची आणि तिळाची पूड, तो ऑलिव्हच्या तेलात कालवायचा आणि भाकरीला लावून खायचा. आम्हीही खायला लागलो. मराठी तो शिकला वाण्याकडे आणि गल्लीतल्या क्रिकेटमध्ये.

त्याच्या टेबलावर एक फोटो असायचा. कमानींच्या इमारतीसमोर आई, वडील, चार भावंडं आणि मधे हा, हातात नवी सुटकेस. ते गाझाचं विमानतळ. नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झालं, इजिप्त, जपान, सौदी अरेबिया, स्पेन, जर्मनी अशा देशांच्या पैशातून. हा तिथूनच अम्मानमार्गे भारतात आला. "काकू, आमच्या गावाला विमानतळ आहे," हे तो येईल त्याला सांगायचा.

ऑक्टोबर 2000 मध्ये ते बंद पडलं. डिसेंबर 2001 मध्ये इस्रायलने त्याचा टॉवर आणि रडार बॉम्बने उडवलं, जानेवारीत बुलडोझर घालून धावपट्टी उखडली. हा सायबर कॅफेतून बातमीची प्रिंट घेऊन आला. घडी घालघालून कागद मऊ पडला होता.

त्या रविवारी माझे धाकटे दीर जेवायला होते. तो कागद ताटाशेजारीच पडलेला. भाऊजींनी विचारलं, मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "जगाने बांधायचं, यांच्या भांडणात ते पडायचं, आणि वर आपलं सरकार यांची पोरं फुकट शिकवतंय. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!" त्यांना वाटलं मुलाला मराठी समजत नाही. तो खाली मान घालून जेवला, नेहमीसारखं ताट स्वतः धुतलं. संध्याकाळी जिन्यात मला म्हणाला, "काकू, घोडं म्हणजे मी का?"

मला उत्तर देता आलं नाही. आज देते.

संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी वेगळी संस्था आहे, यूएनआरडब्ल्यूए. 1950 पासून ती काम करते. भारत तिला पूर्वी वर्षाला साडेबारा लाख डॉलर द्यायचा, 2018 पासून 50 लाख डॉलर देतो. म्हणजे साधारण 42 कोटी रुपये. 140 कोटी लोकांत वाटले तर माणशी 30 पैसे. हे बंद केल्याने मराठवाड्यातल्या एकाही शेतकऱ्याचं कर्ज फिटणार नाही. शेतकऱ्याचं नाव पुढे करणारे बहुतेक जण शेतकऱ्यासाठीही काही करत नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

हे पैसे जातात कुठे? त्या संस्थेच्या नेहमीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग शिक्षणावर जातो, म्हणजे मुख्यतः शिक्षकांच्या पगारावर. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या युद्धाआधी एकट्या गाझात पावणेतीन लाखांच्या वर मुलं तिच्या शाळांत होती. आमचा मुलगा 2003 मध्ये परत गेला आणि तशाच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागला. मी स्वतः चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे हा पैसा वाया गेला असं मला कोणी पटवू शकणार नाही.

इमारतींचं मात्र मला पटत नाही. गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात नेहरूंच्या नावाचं ग्रंथालय भारताने दिलं होतं. त्या विद्यापीठाच्या इमारती या युद्धात उद्ध्वस्त झाल्या. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेच्या सामाईक निधीतून अल-कुद्स रुग्णालयाच्या दुरुस्तीला पैसे गेले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये इंधनाअभावी ते बंद पडलं. माझ्या हातात असतं तर मी भिंतींचे पैसे कमी करून शिष्यवृत्त्या दुप्पट केल्या असत्या. आणि शिष्यवृत्ती दिली की मुलांना सांभाळायलाही हवं. आमच्या मुलाचा हजेरीचा कागद कॉलेजच्या ऑफिसात अडीच महिने पडून होता, तेवढे दिवस याचे पैसे अडले. मीच दोनदा जाऊन भांडले.

एक सांगायचं राहिलं. हमासने 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात यूएनआरडब्ल्यूएचे काही कर्मचारी सामील असल्याचा आरोप झाला. अमेरिकेसह अनेक देशांनी पैसे थांबवले. चौकशीनंतर नऊ जणांना काढून टाकलं, बहुतेक देशांनी मदत पुन्हा सुरू केली, अमेरिकेने नाही. आरोप गंभीर होता आणि चौकशी व्हायलाच हवी होती. भारताने 2024 मध्ये आपले 50 लाख डॉलर पूर्ण दिले, ते बरोबरच केलं. हजारो शिक्षकांचा पगार नऊ जणांसाठी तोडायचा नसतो.

तुमच्या घरात जेवताना हा विषय निघतच असणार, नाहीतर तुम्ही विचारलं नसतं. तेव्हा 30 पैशांचा हिशोब सांगा. आणि समोर कोण बसलंय ते आधी बघा.

भाऊजींचा मुलगा 2011 मध्ये जर्मनीला एम.एस. करायला गेला. सरकारी विद्यापीठ, शिकवणीची फी शून्य, सगळा खर्च तिथल्या करदात्यांचा. घरमालकीण म्हातारी होती, ख्रिसमसला त्याला स्वतःच्या टेबलावर जेवायला बसवायची. भाऊजी हे मोठ्या कौतुकाने सांगतात. ती म्हण तिने तिच्या भाषेत म्हटली असती आणि पोराला ती समजली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना गेल्या दिवाळीत विचारलं. ते काही बोलले नाहीत. गाझाच्या त्या मुलाचं नाव काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं.