जीनमध्येच आहे, मग चालून काय उपयोग?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मोठ्या भावाला ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, केमो पण नुकतीच संपली. वडील याच आजाराने गेले. भाऊ म्हणतो आपल्या रक्तातच आहे ते, आता सिगरेट सोडून नि चालायला जाऊन काय होणारे? काय सांगू त्याला?

उत्तर: त्याची शंका अगदीच चूक नाही. इतक्या लवकर झाला आणि वडिलांनाही होता म्हटल्यावर लिंच सिंड्रोम, म्हणजे या कॅन्सरचा आनुवंशिक धोका, आहे का हे बघायलाच हवं. त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारा एक जीन जन्मापासूनच बिघडलेला असतो आणि तो प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता निम्मी.

पण आनुवंशिक म्हणजे हमखास वाईट, हे कुणी सांगितलं? फाइल काढा, बायोप्सीच्या रिपोर्टात एमएमआर किंवा एमएसआय (गाठीत डीएनए-दुरुस्तीचा हा दोष आहे का, ते दाखवणाऱ्या टेस्ट) असं काही लिहिलंय का बघा, नसेल तर ती टेस्ट करायला सांगा. लिंचवाल्यांच्या गाठीत बहुतेक वेळा हाच दोष सापडतो, आणि गंमत म्हणजे अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, चांगली चालते, जी बाकीच्यांवर सहसा चालतच नाही. बीआरएएफ, केआरएएस वगैरे जीनची नावं लिहितात ते मात्र गाठीतले बदल, ते वडिलांकडून आलेले नसतात, त्यावरून औषध ठरतं, उगाच घाबरू नका.

आता चालायचं. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या ट्रायलचे निकाल आले, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट, म्हणजे तुमच्या भावासारखेच. निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांच्या मागे ट्रेनर लावून तीन वर्षं व्यायाम करून घेतला. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांमधले शंभरातले ९० हयात, पुस्तिकावाल्यांमधले ८३. शंभरामागे सात माणसं, एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर तुमच्या भावाने ते रांगेत उभं राहून घेतलं असतं! जेवल्यावरची शतपावली यात धरू नका हं, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं, साधारण एवढं वाढवायचं. सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. सिगरेटबद्दल वाद घालतच नाही, बंद म्हणजे बंद.

आणि तुमचं काय? भावाची जीन टेस्ट आधी होऊ दे, दोष सापडला तर तोच तुमच्यात आहे का ते तपासता येतं, आणि असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी. नाही सापडला तरी वडील आणि भाऊ दोघांना झालाय म्हणजे तुम्हाला ती करायलाच हवी. एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण स्वतःची केली की नाही याबद्दल एक अक्षर नाही.