पुण्याहून दिल्लीला १५० सीसी बाईकवर जाताना वाटेतल्या नातेवाईकांकडे मुक्काम करत जावं का?

तुम्ही विचारलंय की इंदूर, ग्वाल्हेर आणि दिल्लीला नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे राहत राहत गेलं तर किती दिवस लागतील आणि १५० सीसी गाडी पुरेल का.

गाडी पुरेल. माझ्याकडे जुनी युनिकॉर्न आहे, ऑफिसला तीच आणि लांब जायलाही तीच, आणि हा रस्ता सगळा हायवेचा आहे, याला बुलेट लागत नाही की हिमालयन लागत नाही. सत्तरच्या आसपास धरून चालवा, तास-दीड तासाने उतरून पाय मोकळे करा, पाचशे किलोमीटरला एकदा चेन साफ करून ल्यूब मारा, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक केबल जास्तीची घ्या, पंक्चर किट घ्या, झालं. समृद्धी डोक्यात असेल तर काढून टाका, तिथे बाईकला एन्ट्रीच नाही. नगर, मनमाड, मालेगाव करत धुळ्याला जायचं नाहीतर नाशिकवरून. टोल आपल्याला कुठे नसतो, फक्त आग्र्याच्या पुढे यमुना एक्सप्रेसवे धरलात तर तिथे बाईकलाही पैसे घेतात.

आता खरा विषय. नातेवाईक.

किलोमीटरचा हिशोब सगळे करतात, पोह्यांचा कोणी करत नाही. पुणे ते इंदूर सहाशेच्या आसपास, इंदूर ते ग्वाल्हेर पाचशे, म्हणजे मॅपवर बघितलं की वाटतं एक दिवस एक शहर, सकाळी निघायचं, रात्री मावशीकडे जेवायला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत पुढे. असं अजिबात करू नका. कारण आत्या फोनवर म्हणते, ये तू आरामात, आमचं काय, आम्ही घरीच आहोत. आणि मग तीच आठला जेवणारी बाई साडेदहापर्यंत ताटं झाकून बसते, काका दर वीस मिनिटांनी फोन करतात की कुठे पोचलास, आणि तुम्ही असता ग्वाल्हेरच्या अलीकडे गुना गावाच्या पुढे कुठेतरी, अंधार पडलेला, कंबर गेलेली, एरवी एकटे असतात तर गपचूप समोरच्या लॉजमध्ये शिरले असतात पण आता तिकडे कोणीतरी जेवायचं थांबलंय म्हणून दामटता. त्या पट्ट्यात रात्री गाईगुरं सरळ रस्त्यावर बसलेली असतात, डांबर गरम असतं ना, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे लाईट हा प्रकार नसतो. जेवायला थांबू नका म्हणून सांगितलंत तरी ते थांबणार. त्यांना बदलायचं सोडा, आपला प्लॅन बदला.

नातेवाईकांकडे पोचायचं सकाळी, संध्याकाळी नाही. आदल्या रात्री त्यांच्या गावापासून शंभरेक किलोमीटर अलीकडे मुक्काम टाकायचा, हॉटेलात पाय ताणून झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला फ्रेश होऊन दारात उभं राहायचं. इंदूरसाठी हा मुक्काम महेश्वरला करा. पहिल्या दिवशी धुळे, दुसऱ्या दिवशी शिरपूर, बिजासन घाट चढून सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून धामनोदवरून आत वळायचं. अहिल्याबाईंनी राज्य केलं ते इथूनच, किल्ल्याच्या पायऱ्या थेट नर्मदेत उतरतात, संध्याकाळी घाटावर बसा. दिवसभर हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज ऐकून डोकं सुन्न झालेलं असतं ते तिथे उतरतं. तिथून इंदूर नव्वदेक किलोमीटर, वाटेत महू लागतं, बाबासाहेबांचं जन्मस्थळ, थांबून बघता येतं आणि तरीही पोह्यांच्या टायमाला पोचता. ग्वाल्हेरसाठी तसंच शिवपुरी, दिल्लीसाठी मथुरा. दिल्लीत शिरायचं असेल तर रविवार गाठा, बाकीच्या दिवशी नऊ-दहाला तिथे काय ट्रॅफिक असतं ते सांगायला नको.

प्रत्येक घरी दोन रात्री. एक रात्र राहून पळालात तर त्यांनाही बरं वाटत नाही आणि तुम्हालाही नुसती दगदग होते, मग सरळ हॉटेलातच राहिलेलं काय वाईट? मधला पूर्ण दिवस त्यांचा, ते नेतील तिकडे जायचं. इंदूरला रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेतील. आणि एक लक्षात ठेवा, इंदूरला एक घर नसतं, मावशी असते, तिच्या जावेचा भाऊ असतो, आपले कोणीतरी चुलत काका असतात, आणि एकाकडे राहून दुसऱ्याकडे गेला नाहीत हे तुम्ही पुण्याला पोचायच्या आत तुमच्या आईला कळलेलं असतं. सगळ्यांकडे चहाला जाऊन या, पंधरा मिनिटं पुरतात, बूट काढून बसा म्हणजे घाईत आलाय असं वाटत नाही.

ग्वाल्हेरला आमची आत्या लष्कर भागात राहते. तिच्या अंगणात बसून चेन साफ करणं हा माझा आवडीचा कार्यक्रम. गाडी मेन स्टँडवर, जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल, खाली पेपर पसरलेला, तरी फरशीवर काळे डाग पडतातच आणि आत्या आतून ओरडते की अरे तिकडे रांगोळी काढायची असते मला. काका खुर्ची टाकून शेजारी बसतात, मदत करत नाहीत, नुसतं मागचं चाक हळूहळू फिरवत राहतात आणि त्यांच्या राजदूतवर झाशीला कसे जायचे ते सांगतात. आमची घराणी तिकडे गेली ती शिंद्यांच्या चाकरीत, पिढ्या झाल्या, त्यामुळे त्यांचं मराठी वेगळं, आत्या मला "चहा पिऊन घे ना, मग बसशील" म्हणते, पण पुण्याचा अभिमान आपल्यापेक्षा जास्त. निघायच्या आधी पुण्यात वानवडीला जाऊन महादजी शिंद्यांची छत्री बघून घ्या. १७९४ साली महादजी वारले ते वानवडीतच, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरात कोणीतरी हमखास विचारतं की पाहिलीय का म्हणून. नाही म्हणालात की पुढचा अर्धा तास गेला.

न्यायचं काय हाही प्रश्न पडतो. मिठाई नेऊ नका, बॅगेत तिचा चुरा होतो आणि तिकडे आपल्यापेक्षा चांगली मिळते. आमसुलं, मेतकूट, गोडा मसाला न्या, आणि दिवाळीनंतर जात असाल तर नवं कालनिर्णय, प्रत्येक घराला एक. गुंडाळून पीव्हीसी पाईपच्या तुकड्यात घालायचं आणि सॅडल बॅगच्या बाजूने बंजीच्या रबरी दोरीने आवळायचं, ना वाकत ना भिजत. रोख पाकीट दिलंत तरी एवढा आनंद होणार नाही. येताना तुमच्या बॅगा जास्त जड होणार आहेत, इंदूरची शेव, मुरैन्याची गजक, त्यामुळे जाताना एक बॅग निम्मी रिकामी पाहिजे.

लाईव्ह लोकेशन फॅमिली ग्रुपवर टाकू नका प्लीज. एकाच भावंडाला द्या, शक्यतो जो ऑफिसात असतो आणि उगाच फोन करत नाही. ग्रुपवर टाकलंत की चहाला थांबलात तरी चार जणांना वाटतं काहीतरी झालं.

प्रत्येक घरून निघायच्या आदल्या रात्रीच नमस्कार-बिमस्कार, कुंकू लावणं, फोटो सगळं उरकून घ्या आणि बॅगा बांधून ठेवा. सकाळी सहाला निघतो म्हणायचं. "काहीतरी खाऊन जा" यात एकदा अडकलात की साडेदहा वाजतात, आणि मग पुन्हा संध्याकाळचा अंधार. तरी आत्या साडेचारला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या करतेच. त्या टँक बॅगमध्ये वरच ठेवा, दुपारी ढाब्यावर नुसता चहा घेतला तरी भागतं.

सीझन म्हणाल तर दिवाळी झाली की निघा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मस्त. त्यानंतर ग्वाल्हेरच्या वर धुकं सुरू होतं आणि ते आपल्या लोणावळ्यासारखं गंमतीचं नसतं, पुढच्या ट्रकचा मागचा लाईट दिसत नाही. बरेच जण संक्रांतीला पानिपत गाठायचं म्हणतात, १४ जानेवारीला, १७६१ ची लढाई त्याच दिवशी झाली म्हणून. भावना समजतो पण बाईकवर नको. काला आंब, म्हणजे पानिपतचं लढाईचं स्मारक, बारा महिने तिथेच आहे, दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर, नोव्हेंबरात जाऊन या. दिल्लीत पोचाल त्या रविवारीच करोल बागेत नाईवालाच्या गल्लीत चक्कर मारा, सोमवारी बाजार बंद असतो, बाईकचं जे काही सामान लागेल ते मिळतं, फक्त घासाघीस करावी लागते.

तर दिवस. नुसतं चालवत गेलात तर तीन-चार दिवसांत दिल्ली होते, या पद्धतीने नवव्या दिवशी सकाळी पोचता. रजा तेवढी नसेल तर येण्यात वाचवा, जाण्यात नको. गाडी हजरत निजामुद्दीनहून रेल्वे पार्सलने पुण्याला टाकता येते, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, पॅकिंगवाले स्टेशनाबाहेरच असतात, गोणपाट लावून नीट बांधून देतात, हेडलाईट आणि टाकीला जास्तीचं गुंडाळायला सांगा. पेट्रोल मात्र पूर्ण काढावं लागतं, तेव्हा मथुऱ्याला टाकी फुल्ल करत बसू नका.