एपिथेलियल सेल्सची ओळ आधी वाचा

प्रश्न: मी 46 वर्षांची आहे. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स 8-10, एपिथेलियल सेल्स 15-20, प्रोटीन 'ट्रेस', नायट्राइट निगेटिव्ह आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.030 आली आहे. जळजळ, ताप काही नाही. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ का? किडनी बिघडली असेल का?

उत्तर: गोळ्या अजिबात घेऊ नका. पस सेल्स म्हणजे इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्या साधारण 5 पर्यंत चालतात, म्हणून 8-10 पाहून धस्स होतं. पण आधी एपिथेलियल सेल्स बघा. या पेशी बहुधा योनीमार्गाच्या आणि बाहेरच्या त्वचेच्या असतात. त्या इतक्या आल्या म्हणजे नमुन्यात बाहेरचा स्राव मिसळला, आणि पस सेल्सही त्याच्याबरोबर येऊ शकतात. असा रिपोर्ट इन्फेक्शन ठरवायला उपयोगाचा नाही.

तपासणी पुन्हा करा, पाळीचे दिवस सोडून. सकाळची पहिली लघवी घ्या. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली 20-30 मिली निर्जंतुक डबीत धरा. डबीची कड अंगाला लागू देऊ नका. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर त्यात जंतू वाढतात, पेशी फुटतात आणि आकडे फसवे येतात.

प्रोटीनचं म्हणाल तर 1.030 म्हणजे लघवी खूप दाट, पाणी कमी पडलेलं. दाट लघवीत 'ट्रेस' सहज येतं. तापात किंवा जोरदार व्यायामानंतरही येतं. पुढच्या वेळीही आलं, तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतलं प्रोटीन नेमकं किती हे सांगणारी लघवीचीच तपासणी) करून घ्या. तो 30 mg/g च्या खाली असणं चांगलं. तीन महिने वरच राहिला, तर मात्र किडनीचा विचार करावा लागतो.

नीट घेतलेल्या नमुन्यातही लाल पेशी 3 किंवा जास्त दिसल्या, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जाच. हे अंगावर काढू नये.

प्रश्न: रक्तातली साखर ताब्यात आहे, तरी लघवीत साखर 3+ कशी? डायबेटिससाठी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे.

उत्तर: ते औषध साखर लघवीवाटेच बाहेर काढतं, त्यामुळे 3+ येणारच. त्यासाठी डोस बदलू नका. लॅबला औषधाचं नाव मात्र आवर्जून सांगा.